येताना मुलांच्या वह्या आणा

(दृश्य : केंद्रशाळेचा वर्ग. जोडून ठेवलेली बाकं, त्यांवर वह्यांचे गठ्ठे. खिडकीबाहेर सुरूची झाडं.)

वेंगुर्ले तालुक्यातली, किनाऱ्यालगतची एक केंद्रशाळा. आज इथे शिक्षण परिषद आहे. केंद्रातल्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटातल्या, जिल्हा परिषद शाळांचे शिक्षक महिन्यातून एकदा असे एकत्र येतात. एरवी परिपत्रकं वाचली जातात, तक्ते भरले जातात, एखादं व्याख्यान होतं. या वेळी केंद्रप्रमुखांनी व्हॉट्सॲपच्या गटावर एवढंच टाकलं होतं : येताना मुलांच्या वह्या आणा. सुबक नकोत, अडलेल्या आणा.

पहिलीतल्या एका मुलीची वही मधल्या बाकावर उघडून ठेवलीय. तिने टोपली काढलीय, टोपलीत मासे. खाली स्वतःच्या मनाने एक ओळ लिहिलीय :

पपान बागडे हडलन.

तिला घरच्या मालवणीत म्हणायचं होतं, ‘पपान बांगडे हाडल्यान’. वडिलांनी बांगडे आणले.

या ओळीचं काय करायचं? लाल पेनाने खोडून वर ‘बाबांनी बांगडे आणले’ असं लिहायला अर्धं मिनिट पुरतं. मग मुलीने ती ओळ पाच वेळा उतरवायची. आपल्यापैकी बहुतेकांचं लेखन असंच तपासलं गेलं आहे. आज मात्र सात-आठ शिक्षक या एका ओळीभोवती वीस मिनिटं बसले आहेत.

पहिला प्रश्न ठरलेला आहे : या मुलीला काय काय येतं? यादी वाढत जाते. बोललेलं लिहिता येतं, हे तिला कळलंय. तीन शब्द तिने तीन जागी सुटे लिहिलेत. ‘पपान’ आणि ‘बागडे’ या दोन शब्दांत काना बरोबर पडलाय. ‘डे’ची मात्रा जागेवर आहे. आता अडलंय कुठे? ‘बांगडे’तला अनुस्वार गेलाय. ‘हा’चा काना सुटलाय. म्हणजे कान्याची ओळख झालीय, पण हात अजून पक्का नाही. ‘ल्या’ हे जोडाक्षर आहे आणि जोडाक्षर अजून शिकवलेलंच नाही, तेव्हा तिथे नुसता ‘ल’ येणं अगदी रास्त आहे.

मग प्रश्न येतो ‘हाडल्यान’चा. घाटावरून बदलून आलेले एक तरुण सर विचारतात, “मॅडम, मग हा शब्द चूक धरायचा की नाही?” या गावात वीस वर्षं शिकवलेल्या बाई सांगतात, “तो चुकीचा नाहीच, सर. तो तिच्या घरचा आहे. ‘आणले’ही शिकवायचं, पण ‘हाडल्यान’ खोडून नव्हे. दोन्ही शेजारी शेजारी लिहायचे. उद्या ती तुम्हाला दहा ओळी लिहून देईल.”

(दृश्य : खाडीवरचा पूल, पावसातला घाटरस्ता, टेकडीवरची दोन खोल्यांची शाळा.)

सिंधुदुर्ग आणि रत्नागिरी जिल्ह्यांत वाड्यावाड्यांवर विखुरलेल्या अशा लहान शाळा खूप आहेत. पट वीसच्या आत, शिक्षक दोन, काही वेळा एकच. पहिलीपासून चौथीपर्यंतची मुलं एकाच खोलीत. या शाळांविषयी बोलणं निघालं की लगेच त्यांच्या कमतरता मोजल्या जातात. वाचायला शिकवण्याच्या बाबतीत मला उलटं वाटतं. बारा मुलांच्या शाळेत बाई रोज प्रत्येक मुलाला जवळ बसवून वाचताना ऐकू शकतात. साठ मुलांच्या वर्गात ते स्वप्नच. इथली खरी अडचण शिक्षकाचं एकटेपण आहे. मूल अडलं, का अडलं ते उमगत नाही, आणि विचारायला बाजूच्या वर्गात कोणी नाही. बाजूचा वर्गच नाही.

या एकटेपणावर आपल्याकडचं उत्तर म्हणजे प्रशिक्षण. ते कसं उतरतं, हे शिक्षकांना पाठ आहे. राज्यात तज्ज्ञ तयार होतात, ते जिल्ह्याला सांगतात, जिल्हा तालुक्याला, तालुका केंद्राला. प्रत्येक पायरीवर थोडं गळतं. शेवटच्या पायरीवर पोचतात त्या स्लाइड, घोषणा आणि हजेरीपट. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने प्रत्येक शिक्षकाला दरवर्षी किमान ५० तासांचं व्यावसायिक शिक्षण मिळावं असं म्हटलं आहे. ५ जुलै २०२१ ला निपुण भारत अभियान सुरू झालं. तिसरी संपेपर्यंत प्रत्येक मुलाला समजून वाचता यावं, लिहिता यावं, हे २०२६-२७ पर्यंत साधायचं, असं त्याचं उद्दिष्ट. सोबत सरकारच्या दीक्षा ॲपवर ‘निष्ठा’ या शिक्षक प्रशिक्षण कार्यक्रमाचे अभ्यासक्रम आले. रात्री स्वयंपाक उरकून ते पूर्ण करणाऱ्या, प्रमाणपत्र मिळवणाऱ्या बाई इथे आहेत. त्या कष्टांना कमी लेखायचं कारण नाही. पण ‘पपान बागडे हडलन’ या ओळीशी त्या पन्नास तासांची गाठ पडली पाहिजे.

ब्रूस जॉयस आणि बेव्हरली शॉवर्स या अमेरिकन अभ्यासकांनी १९८० च्या सुमारास शिक्षक प्रशिक्षणावरचे बरेच अभ्यास एकत्र तपासले. सांगून शिक्षकाला माहिती मिळते, करून दाखवल्यावर कौशल्य कळतं, सरावाने हाताला येतं. पण ते आपल्या वर्गात टिकायचं असेल, तर वर्गात येऊन सोबत करणारं, पाहून बोलणारं माणूस लागतं, असं त्यांचं म्हणणं. आपल्याकडे असं माणूस कागदावर कधीपासून आहे. केंद्रप्रमुख हे पद महाराष्ट्रात १९९४ मध्ये आलं ते याचसाठी. पुढे त्यांच्याकडे माहिती गोळा करण्याची कामं साचत गेली, आणि अनेक केंद्रांत तर पद वर्षानुवर्षं रिकामंच राहिलं.

(दृश्य : फळ्यावर अक्षरगट. मुलं अक्षरकार्डं जुळवतायत.)

मराठी वाचायला शिकवणं सोपं आहे, असा एक समज आहे. मुळाक्षरं घोटून घ्या, बाराखडी पाठ करून घ्या, झालं. बाराखडीतली सगळी रूपं मोजली तर ती चारशेच्या घरात जातात, जोडाक्षरं वेगळीच. सहा वर्षांच्या मुलाने ती सगळी आधी गिळायची आणि मग कधीतरी अर्थाचा शब्द वाचायचा, हा क्रम फार थकवणारा आहे. म्हणून आता अनेक शाळांत अक्षरं लहान गटांनी देतात आणि काना त्यांच्या सोबतच येतो. क, म, न, र ही चार अक्षरं आणि काना, एवढ्यावर कान, नाक, मान, काम, मका, काका, मामा, कमान वाचता येतात. पहिल्या पंधरवड्यात मूल अर्थाचा शब्द स्वतः वाचतं. दुसऱ्या दिवशी ते शाळेत कोणत्या चेहऱ्याने येतं, ते एकदा बघावं.

मात्र कान्यावरून पुढे गेलं की चढ लागतो. ऱ्हस्व वेलांटी लिहायची अक्षराच्या आधी आणि उच्चारायची नंतर. ‘र’ तर रूपंच बदलतो : चक्र, राष्ट्र, सूर्य. ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ यांतला फरक तिसरीतल्या कोकणी मुलाला बोलताना नीट कळतो, कारण एक समोर आहे आणि दुसऱ्या मागे सह्याद्रीत. कागदावर मात्र ते बुचकळ्यात पडतं. पालघर जिल्ह्यातल्या वाडा तालुक्यात मराठी आणि कर्नाटकातल्या यादगीरमध्ये कन्नड शिकणाऱ्या मुलांचा तीन वर्षं मागोवा घेणारा एक मोठा अभ्यास झाला. त्याचा अहवाल २०१७ मध्ये आला. तिसरीपर्यंत येऊनही बरीच मुलं स्वरचिन्हं लागलेल्या अक्षरांशी झगडत राहतात आणि वर्गातलं लेखन बहुतेक वेळा फळ्यावरून उतरवण्यापुरतंच उरतं, हे त्यात दिसलं. याच वाडा तालुक्यातल्या सोनाळ्यात नीलेश निमकर यांनी स्थापन केलेली क्वेस्ट ही संस्था काम करते. शिक्षकांसोबत वर्गात बसून वाचन-लेखनाच्या पद्धती बांधण्याचं तिचं काम मराठीत फार मोलाचं आहे.

(दृश्य : शाळेच्या पडवीत बाई आणि एक मुलगा. मुलगा वाचतोय, बाईंच्या हातात पेन्सिल.)

आज परिषदेत दुसरं काम ऐकण्याचं आहे. न्यूझीलंडच्या मेरी क्ले यांनी १९६० च्या दशकात एक साधी रीत रूढ केली. मूल वाचत असताना शेजारी बसायचं, मधे बोलायचं नाही, आणि ते प्रत्येक शब्द कसा वाचतं याच्या खुणा कागदावर करायच्या. तीच रीत इथले शिक्षक आपल्या लिपीत बसवू पाहतायत.

पुस्तकातला शब्द आहे ‘होडी’. तीन मुलांनी तो तीन तऱ्हांनी वाचला. एकाने वाचलं, ‘नाव’. एकीने, ‘हाडी’. आणि एकाने, ‘व्हडी’.

‘नाव’ वाचणाऱ्याने चित्र बघितलं. त्याला गोष्टीचा अर्थ लागतोय, पण अक्षरांकडे त्याची नजर गेलेली नाही. त्याच्या बोटाखाली शब्द आणायला हवा, ‘नाव’मधला ‘न’ इथे दिसतो का, असं विचारायला हवं. ‘हाडी’ वाचणारीला अक्षरं येतात, ओकार कच्चा आहे, आणि वाचलेल्याला अर्थ असायला हवा ही सवय लागायची आहे. हाडी म्हणजे काय गं, एवढं विचारलं तरी ती मागे येऊन बघते. तिसऱ्या मुलाने तर बिनचूक वाचलंय. त्याच्या घरी होडीला व्हडी म्हणतात. त्याने शब्द ओळखला आणि आपल्या तोंडाने म्हटला. एकाच खुणेने तिघांनाही ‘अप्रगत’ ठरवलं असतं, तर ज्याला काहीच मदत नको त्यालाही आपण बाराखडी घोटत बसवलं असतं. हे सगळं ऐकून घाटावरचे सर मालवणी शब्दांची एक वेगळी वही करायला घेतात. बाहेरून आलेल्या प्रत्येक शिक्षकाला पहिल्या आठवड्यात अशी वही मिळायला हवी, असं मला मनापासून वाटतं.

(दृश्य : कृष्णधवल छायाचित्रं. बोर्डीचा किनारा, झाडाखाली बसलेली मुलं.)

मुलांच्या जगातून शिक्षण उभं करण्याची ही कल्पना कोकण किनाऱ्याला नवी नाही. याच किनाऱ्याच्या उत्तर टोकाला, डहाणू तालुक्यातल्या बोर्डीला, ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं. अनुताई वाघ त्यांच्यासोबत होत्या. मुलं शाळेत येत नव्हती, तेव्हा शाळा त्यांच्या अंगणात गेली. गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा झाली. १९५७ मध्ये काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. वाळू, शंखशिंपले, पानं, बिया हीच साधनं. शिक्षक घडत होते ते मुलांच्या सोबतीने, रोजच्या निरीक्षणातून.

आजच्या वर्गात तसं साहित्य किती आहे, ते बघा. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते. नेमकी त्याच दिवसांत, जूनच्या मध्याला, पहिलीची मुलं शाळेत पाऊल टाकतात. होड्या वर ओढलेल्या, घरी जाळी विणणं चाललेलं, वडील दिवसभर समोर. मुलांकडे सांगायला भरपूर असतं. केंद्रातल्या एका बाईंनी जाळं विणणाऱ्या माणसाचं चित्र लावून त्यावर गप्पा मारल्या. मुलं बोलली तशी वाक्यं मोठ्या कागदावर लिहिली. रापण, पाग, कुर्ल्या, तिसऱ्या हे शब्द भिंतीवर आले. आठवडाभर मुलं तोच कागद वाचत होती, कारण तो त्यांनीच सांगितलेला होता.

(दृश्य : परिषद संपत आलेली. वह्या पिशव्यांत भरल्या जातायत.)

पुढच्या महिन्याचं ठरतंय. बैठक टेकडीवरच्या लहान शाळेत होईल. तिथल्या बाई आपल्या मुलांसोबत सगळ्यांसमोर सहवाचनाचा तास घेतील. पाहायला बसणाऱ्यांनी बाईंच्या शिकवण्याला गुण द्यायचे नाहीत. प्रत्येकाने दोन मुलं वाटून घ्यायची आणि ती कुठे थांबली, कुठे हसली, कोणता शब्द स्वतः दुरुस्त केला, एवढंच टिपायचं. तास संपल्यावर आधी बाई बोलतील, मग बाकीचे. बाईंना भीती वाटतेय, आणि त्या ती मोकळेपणी सांगतात. बाकीच्यांपैकी दोघी एक दिवस आधी त्यांच्या सोबतीला जाणार आहेत.

केंद्रप्रमुखांनी इतिवृत्तात एक ओळ घातलीय : परिषदेच्या पहिल्या दोन तासांत परिपत्रकं आणि माहितीचे तक्ते काढायचे नाहीत. घाटावरच्या सरांकडे काम आलंय जोडाक्षरांच्या वह्या आणण्याचं, दुसरीतल्या आणि तिसरीतल्या.