आधी ड्रायव्हरला पकडू नका

(छोट्या सीएनसी मिलिंग यंत्रांवरील व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, नमस्कार. रस्त्यावर अपघात झाला की गर्दी आधी कोणाला पकडते? ड्रायव्हरला. ब्रेक कसे होते, खड्डा होता का, आडवं कोण आलं, ही चौकशी मागाहून. आपल्या छोट्या मिलिंग यंत्रांच्या बाबतीतही तेच चालतं. वाय अक्ष घरघरला, भोक अर्धा मिलिमीटर सरकलं, की निकाल तयार: ड्रायव्हर गेला. आपला ड्रायव्हर म्हणजे कंट्रोलरच्या इशाऱ्यावर स्टेपर मोटरला, पावला-पावलानं फिरणाऱ्या मोटरला, करंट देणारा डबा किंवा बोर्ड. नवा आणला, तोही गेला. मग तिसरा, जरा महागातला. माझं म्हणणं एवढंच आहे, की ड्रायव्हर स्वतःहून क्वचित मरतो; बहुतेक वेळा त्याला मारलेलं असतं. पत्रिकेवर ‘बिघाड शोधण्याची पद्धत’ असं छापलंय, तिकडे येतोच. पण आधी स्टिकरबद्दल बोलू द्या.

टीबी६६०० या ड्रायव्हर चिपच्या नावानं विकले जाणारे काळे-हिरवे डबे तुम्ही पाहिलेत. उघडले तर आत पुष्कळदा टीबी६७एस१०९ ही वेगळीच चिप निघते. चिप वाईट नाही, पण आकारानं लहान आहे आणि तिची उष्णता खालच्या अंगानं बोर्डमधून बाहेर जाते. ते असो. डब्यावर करंटचा तक्ता असतो, त्यात दोन रकाने: एक साधा करंट, म्हणजे आरएमएस, उष्णतेच्या हिशेबानं धरायचं परिणामी मूल्य; दुसरा शिखर करंट. पहिली ओळ ०.५ आणि ०.७. बरोबर आहे, कारण साइन लहरीचं शिखर तिच्या आरएमएस मूल्याच्या १.४१४ पट असतं. खाली उतरा. १.० आणि १.२. मग २.० आणि २.२. मग २.८ आणि २.९! आणि ३.० ला ३.२. म्हणजे करंट वाढत जाईल तशी साइन लहर चपटी होत जाते, असा शोध या स्टिकरवर लागलेला आहे. (हशा) हसू नका, याच तक्त्यावर विसंबून लोक करंट ठरवणारे स्विच लावतात. ३.० च्या ओळीतलं शिखर खरंच ३.२ असेल, तर मोटरला आरएमएस मिळतात सुमारे २.३ अँपिअर. आरएमएस खरंच ३.० असेल, तर शिखर ४.२ होतं, आणि त्या चिपची कमाल मर्यादाच ४ आहे. दोन्ही आकडे एकाच वेळी खरे असणं शक्य नाही. म्हणून स्टिकर बाजूला ठेवा. ३ अँपिअरची मोटर असेल तर शिखर करंट ३ वर ठेवून सुरुवात करा, जोर कमी पडला तरच वर जा, आणि पंखा लावा. यंत्र उभं असताना करंट अर्धा करण्याची सोय असेल तर ती चालू ठेवा. उष्णतेचा बराचसा प्रश्न तिथेच सुटतो.

छोट्या ए४९८८ ड्रायव्हर बोर्डांचीही हीच कथा, फक्त तिथे स्टिकरऐवजी पोटेन्शिओमीटर, पेचकसनं फिरवायचा छोटा रेझिस्टर, असतो. करंटचं सूत्र सोपं आहे: व्हीरेफला, म्हणजे त्या पोटेन्शिओमीटरनं ठरणाऱ्या संदर्भ व्होल्टेजला, आठनं आणि करंट मोजणाऱ्या सेन्स रेझिस्टरनं भागा. पण रेझिस्टर कोणता? मूळ बोर्डांवर ०.०५ किंवा ०.०६८ ओहम, नकलांवर बरेचदा ०.१. व्हीरेफ ०.८ व्होल्ट ठेवलंत तर ०.०५ वर २ अँपिअर, ०.०६८ वर जवळपास दीड, ०.१ वर फक्त १. बोर्ड बदलला, व्हीरेफ जुनंच ठेवलं, की एक तर चिप भाजते नाहीतर मोटर लुळी पडते. भिंगाखाली त्या इवल्या रेझिस्टरवर आर०५०, आर०६८ की आर१०० लिहिलंय ते वाचा, मगच पेचकस उचला. आणि पेचकस प्लास्टिकचा किंवा सिरॅमिकचा असावा. लोखंडी टोक चालू बोर्डावर घसरलं की त्या ड्रायव्हरला कोणी मारलं याचा तपास करावा लागत नाही.

एक खुलासा. ए४९८८ तापून बंद पडली म्हणजे मेली असं नव्हे. उष्णतेपासूनचं संरक्षण आतच आहे. सुमारे १६५ अंशांना ती आउटपुट तोडते, निवली की पुन्हा सुरू होते. बाहेरून दिसतं काय? मोटर क्षणभर सैल पडते, पुन्हा धरते, आणि काम सरकलेलं असतं. अशा वेळी कोड तपासत बसणारे फार.

आता व्होल्टेजकडे. टीबी६५६० या ड्रायव्हर चिपची कमाल मर्यादा ४० व्होल्ट. कोणी म्हणतं, माझा ट्रान्सफॉर्मर २४ चा आहे, भरपूर वाव आहे. वाव कुठला? २४ व्होल्ट एसी रेक्टिफाय करून, म्हणजे डायोडनी डीसी करून, कॅपॅसिटरवर घेतले की ३४ होतात, डायोडचे दीडेक वजा करा. घरातला पुरवठा १० टक्के चढा असेल तर ३६. लोड नसताना ट्रान्सफॉर्मर स्वतःच आणखी थोडा वर जातो. पोहोचलात ३८-३९ वर, आणि यंत्र अजून हललेलंही नाही. त्याच चिपची दुसरी अट: चिपच्या आतल्या सर्किटचा ५ व्होल्टचा लॉजिक पुरवठा आधी, मोटरचा मागाहून; बंद करताना उलट. ती मोडली की चिप कुरकुर न करता जाते.

हलल्यावर काय होतं ते तर कोणी मोजतच नाही. मोटर थांबते तेव्हा ती जनरेटर होते आणि ऊर्जा सप्लायकडे परत येते. नेमा २३ आकाराच्या मोटरच्या रोटरचं, आतल्या फिरत्या भागाचं, जडत्व ३०० ग्रॅम-वर्ग सेंटिमीटर धरा, वेग मिनिटाला १००० फेरे. साठलेली ऊर्जा सुमारे ०.१६ ज्यूल. ५ मिलिमीटर लीडच्या (एका फेरीत टेबल ५ मिलिमीटर सरकवणाऱ्या) बॉलस्क्रूवर १० किलोचा टेबल त्याच वेळी धावतोय, त्याची ऊर्जा फक्त ०.०३५ ज्यूल. टेबलापेक्षा रोटरच जड पडतो, बघा! एकूण ०.२ ज्यूल. यातलं पुष्कळ घर्षणात आणि तांब्यात जिरतं, पण समजा सगळं परत आलं. सप्लाय ३६ व्होल्टचा, ड्रायव्हरजवळ २२०० मायक्रोफॅरडचा कॅपॅसिटर असेल तर व्होल्टेज चढून ३८.४ होईल. फक्त १०० मायक्रोफॅरड असेल तर हिशेब ७२ च्या पुढे जातो. एसएमपीएस, म्हणजे स्विचिंग प्रकारचा सप्लाय, ही परत आलेली ऊर्जा गिळत नाही. चांगला असेल तर बंद पडतो, आणि लोक म्हणतात सप्लाय कमजोर आहे.

म्हणून सप्लाय आणि ड्रायव्हर यांच्यामधल्या डीसी तारेत स्विच किंवा इमर्जन्सी स्टॉपचा काँटॅक्ट घालू नका. फिरती मोटर आणि तुटलेला डीसी पुरवठा म्हणजे ऊर्जेला घरच नाही. सप्लायची एसी बाजू तोडा, कॅपॅसिटर ड्रायव्हरजवळच राहू द्या. छोट्या बोर्डांवर तर सप्लायच्या लांब तारा आणि बोर्डावरचे सिरॅमिक कॅपॅसिटर मिळून चालू करताच सप्लायच्या जवळजवळ दुप्पट उसळी येऊ शकते. त्यासाठीच बोर्डाशेजारी निदान १०० मायक्रोफॅरडचा इलेक्ट्रोलिटिक लावायला सांगतात. तो शोभेचा नाही.

आणि चालू यंत्रात मोटरची तार काढणं! ३ मिलिहेन्रीच्या वाइंडिंगमध्ये ३ अँपिअर वाहत असताना १३.५ मिलिज्यूल साठलेले असतात. आकडा किरकोळ, पण प्लग सुटताना तो फटीत ठिणगी होऊन बाहेर पडतो आणि ड्रायव्हरमधल्या मॉसफेटला, करंट चालू-बंद करणाऱ्या ट्रान्झिस्टरला, क्षणात फोडू शकतो. तुम्ही म्हणाल, चालू यंत्राचा प्लग कोण काढतं? हातानं कोणी काढत नाही. ड्रॅग चेनमधली, म्हणजे अक्षाबरोबर वाकत जाणाऱ्या साखळीतली, केबल काढते. आतल्या तारा एकेक करून तुटतात, वरचं आवरण धडधाकट, आणि अमुक एका जागी आल्यावर जोड क्षणभर सुटतो. दुसरा चोर स्क्रू टर्मिनलमध्ये: तारेच्या टोकाला सोल्डर लावून स्क्रू आवळतात. सोल्डर मऊ, दाबाखाली हळूहळू सरकतं, काही महिन्यांत स्क्रू सैल. टोकाला सोल्डर नको, फेरूल, म्हणजे धातूची छोटी नळी, दाबा.

आयोजकांची चिठ्ठी आली, पाच मिनिटं. म्हणजे जी पद्धत ऐकायला तुम्ही आलात तिला पाच मिनिटं. (हशा) चला, पळत पळत.

आधी चूक कधी आणि कशी होते ते पाहा. यंत्र अर्ध्या तासानं बिघडतं तर उष्णता: करंट, पंखा, ड्रायव्हरच्या थंडाव्याच्या फिन्समधला चुरा. स्पिंडल सुरू केल्यावरच बिघडतं तर विद्युत गोंगाट: सिग्नलच्या तारा स्पिंडलच्या केबलपासून दूर, केबलचं शील्ड, म्हणजे धातूचं जाळीदार आवरण, एकाच टोकाला अर्थ. वेगवान हालचालीतच अडकतं, मोटर किंचाळून थांबते, तर ड्रायव्हर निर्दोष. प्रवेग अर्धा करा, नाहीतर व्होल्टेज वाढवा, अर्थात मर्यादेत.

सरकणं एकाच दिशेला हळूहळू साचत असेल तर दिशेच्या सिग्नलची वेळ चुकतेय. डीएम५४२ या ड्रायव्हरला दिशेचा सिग्नल पल्सच्या, म्हणजे एक पाऊल टाकायला सांगणाऱ्या ठोक्याच्या, ५ मायक्रोसेकंद आधी लागतो आणि पल्स निदान २.५ मायक्रोसेकंदांचा. परीक्षा अशी: सरकणं मोजणारा डायल लावा, एका अक्षाच्या १००० छोट्या जाऊन-येऊन फेऱ्या चालवा. मोटरच्या एका फेऱ्याला ३२०० पल्स आणि ५ मिलिमीटर लीड असेल तर एक पल्स म्हणजे १.५६ मायक्रोमीटर; प्रत्येक जाऊन-येऊन फेरीत एक जरी हुकला तर डायल दीड मिलिमीटर दाखवेल. ग्रबल या कंट्रोलरच्या सॉफ्टवेअरमध्ये डॉलर २ या सेटिंगनं पल्सची बाजू उलटी करून पुन्हा चालवा. काम थांबल्यावर अक्ष सैल होत असेल तर डॉलर १ ला २५५ द्या.

कंट्रोलर ३.३ व्होल्टचा आणि ड्रायव्हरच्या सिग्नल इनपुटची धन टोकं ५ व्होल्टला बांधलेली असतील, तर इनपुटच्या आतला एलईडी पुरता विझत नाही. मध्ये सिग्नल ५ व्होल्टवर नेणारा बफर घाला. सिग्नल २४ व्होल्टचा असेल तर ५ व्होल्टच्या इनपुटला २ किलोओहमचा रेझिस्टर मालिकेत.

केबल तपासायची तर ओहममीटर मोटरसकट लावू नका. टेबल ढकलताना मोटर व्होल्टेज तयार करते आणि वाचन नाचतं. दोन्ही टोकं सोडवा, मोटरकडच्या दोन तारा एकमेकींना जोडा, पॅनेलच्या टोकाला मीटर लावा आणि अक्ष या टोकापासून त्या टोकापर्यंत हळू फिरवा. आकडा थरथरला की केबल बदला.

नवा ड्रायव्हर बसवण्याआधी दोन्ही वाइंडिंगचा रेझिस्टन्स मोजा, सारखा हवा; आणि वाइंडिंग ते मोटरची बॉडी यांच्यात मीटरनं कुठलाच जोड दाखवू नये. हे सगळं सप्लाय बंद करून, आणि मोटर पुरवठ्यावर मीटर ५ व्होल्टच्या खाली येईपर्यंत थांबून, कारण कॅपॅसिटर लगेच रिकामे होत नाहीत. आता प्रश्न विचारा. फक्त ‘कोणता ड्रायव्हर घेऊ’ हा सोडून.