लवीच्या अंगाने

जिमखान्याच्या बिलियर्ड्स रूममध्ये सकाळी मार्कर, म्हणजे टेबल सांभाळणारे, एकटेच असतात. ते आणि त्यांचा ब्रश.

हात कसा फिरतोय बघा. बॉकच्या टोकापासून, म्हणजे जिथून खेळ सुरू होतो तिथून, समोर, पुन्हा बॉकपासून समोर. उलटा एकदाही नाही. टेबलावरच्या या लोकरी कापडाला लव असते आणि ती एकाच अंगाला झोपलेली लागते. लवीच्या विरुद्ध हळू सोडलेला बॉल शेवटी शेवटी वाट सोडतो. खेळणारा मग क्यूकडे, हातातल्या काठीकडे, रागाने बघतो.

ब्रशनंतर इस्त्री. तीही त्याच दिशेने, मध्ये न थांबता, कारण थांबली की कापड करपलं. पावसाळ्यात मुंबईच्या हवेने कापड दमट होतं, बॉल जड पळतो. तेव्हा तर इस्त्रीशिवाय खेळच नाही.

कापडाखाली लाकूड नाही, दगड आहे. स्लेटच्या पाच लाद्या, पाणसळ लावून एका पातळीत बसवलेल्या. टेबलाचं वजन टनाच्या वर.

टेबल 12 बाय 6 फूट. चारी बाजूंना जवळपास 5 फुटांचा क्यू मागे खेचायला जागा हवी, म्हणजे खोली 22 बाय 16. या शहरात तेवढ्यात अख्खं कुटुंब राहतं. घरात अशी खोली ठेवणं संस्थानिकांना आणि मोठ्या बंगलेवाल्यांना जमलं. बाकीच्यांना क्लब.

1875 साली जबलपूरच्या लष्करी मेसमध्ये नेव्हिल चेंबरलेन या तरुण अधिकाऱ्याने बिलियर्ड्सच्या टेबलावर रंगीत बॉल वाढवले. ते स्नूकर. पुढे त्याचे नियम उटीच्या क्लबात लागले. त्या टेबलांवर ब्रश कोण फिरवायचं, हे मात्र कुणी सांगत नाही.

पुण्यात जन्मलेले विल्सन जोन्स 1958 मध्ये कलकत्त्यात हौशी बिलियर्ड्सचे जगज्जेते झाले. मुंबईत क्रिकेट क्लब ऑफ इंडियाच्या बिलियर्ड्स दालनाला त्यांचं नाव आहे, ते योग्यच. पण जगज्जेत्यालाही टेबल कुणीतरी तयार करून द्यावं लागतं.

आता खडू जागेवर, क्यू स्टँडमध्ये, भिंतीवरच्या लाकडी बोर्डाचे काटे शून्यावर. संध्याकाळी गुण मोजणारेही हेच.

काही ठिकाणी मोठी टेबलं निघाली, तिथे व्यायामाची यंत्रं आली.

इथलं दुसरं टेबल बंद आहे. कापड फाटलंय, नवं बाहेरून मागवावं लागतं. मार्करांनी समितीकडे अर्ज दिला आहे.