पट्टी जोडून बोला

(सोलापुरात दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

फेब्रुवारी २०२३ मध्ये आपल्या जिल्ह्यातल्या एका शेतकऱ्याच्या कांदापट्टीचा, म्हणजे विकलेल्या कांद्याच्या हिशेबाच्या पावतीचा, फोटो देशभर फिरला. सोलापूरच्या मार्केट यार्डात आलेल्या दहा पिशव्या, वजन ५१२ किलो, दर किलोला एक रुपया. रक्कम झाली ५१२ रुपये. मोटारभाडं, हमाली, तोलाई मिळून ५०९ रुपये ५१ पैसे वजा. शिल्लक २ रुपये ४९ पैसे. चेक निघाला दोन रुपयांचा, तोही पुढच्या तारखेचा.

त्या दिवसांत कांद्यावर लोक व्हॉट्सॲपच्या ग्रुपांवर भरपूर बोलत होते. शेतकरी मेला, सरकार झोपलं, व्यापारी लुटतात. हे सगळं मनापासून होतं, पण आठवड्याभरात विरून गेलं. टिकली ती पट्टी. तिच्यात एकही विशेषण नव्हतं. वजन, दर, वजावट आणि तारीख एवढंच होतं, आणि त्यामुळे ती खोडून काढायला कुणाला जागाच उरली नाही. पुढच्या महिन्यात राज्य सरकारने अनुदान जाहीर केलं, आधी क्विंटलला ३०० रुपये, मग ३५०. १ फेब्रुवारी ते ३१ मार्च २०२३ या काळात विकलेल्या कांद्याला, शेतकऱ्यामागे जास्तीत जास्त २०० क्विंटलपर्यंत. त्या अर्जालाही पहिला कागद लागत होता तो विक्रीपट्टीचाच, मग सातबारा, मग पासबुक.

आज मला जे सांगायचंय ते एवढंच आहे. अर्थकारणाच्या, राजकारणाच्या बातमीवर बोलायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे, चिडायचाही आहे. पण बोलताना पट्टी जोडा.

कांद्यापासूनच बघू. बाजार समितीच्या रोजच्या भावपत्रकात तीन दर असतात: किमान, कमाल आणि सर्वसाधारण. आपल्या ग्रुपवर फिरतो तो कमाल. समजा क्विंटलला कमाल ३,००० आहे, किमान २०० आणि सर्वसाधारण १,२००. त्या ३,०००ला गेलेल्या दोन-चार पिशव्या असतात, निवडलेला, वाळलेला, मोठा माल. गावात ते वाचून शेतकरी रात्रीत गाडी भरतो. दुसऱ्या दिवशी आवक दुप्पट, माल थोडा ओला, आणि पदरात पडतात हजार. मग पोस्ट येते की काल तीन हजार होता, आज एका दिवसात पाडला. पाडलाही असेल. पण ते सिद्ध करायचं तर कालचा आणि आजचा सर्वसाधारण दर शेजारी ठेवावा लागतो, आणि दोन्ही दिवसांची आवक. शहरातला माणूस हीच चूक उलट्या बाजूने करतो. किरकोळ बाजारात किलोला साठ रुपये मोजतो आणि लिहितो की शेतकऱ्याची चांदी झाली. क्विंटल आणि किलो, घाऊक आणि किरकोळ, हे वेगळं न करता कांद्यावर बोलणं म्हणजे दोघांनी दोन वेगळ्या मालांबद्दल भांडणं.

आता निर्यात. १९ ऑगस्ट २०२३ला ४० टक्के निर्यातशुल्क लागलं. ऑक्टोबरअखेरीस टनाला ८०० डॉलर किमान निर्यातमूल्य आलं, म्हणजे त्याहून स्वस्त माल बाहेर पाठवता येईना. डिसेंबर २०२३मध्ये थेट बंदी, मुदत ३१ मार्च २०२४, आणि नंतर तीही लांबवली. ४ मे २०२४ला बंदी उठली, पण टनाला ५५० डॉलर किमान मूल्य आणि ४० टक्के शुल्क ठेवूनच. सप्टेंबर २०२४मध्ये किमान मूल्य गेलं, शुल्क २० टक्क्यांवर आलं. १ एप्रिल २०२५पासून तेही शून्य. वीस महिन्यांत सहा वळणं. यातल्या कुठल्याही वळणाचा स्क्रीनशॉट दुसऱ्या वळणावर खरा वाटतो, कारण त्यावर 'कांदा' आणि 'निर्यात' हे दोनच शब्द डोळ्यात भरतात, तारीख कापलेली असते.

त्यात फेब्रुवारी २०२४ आठवा. बंदी उठल्याची बातमी पसरली. अभिनंदनाच्या पोस्टी झाल्या, श्रेय कुणाचं यावरून वादही झाले, लासलगावात भाव चढले. दोन दिवसांत केंद्राकडून खुलासा आला की बंदी ३१ मार्चपर्यंत कायम आहे. ज्याने त्या दोन दिवसांत चढ्या भावाने माल घेऊन ठेवला, त्याचं काय झालं असेल ते या सभागृहातल्या व्यापाऱ्यांना मी सांगायला नको. निर्यातबंदीचा किंवा किमान मूल्याचा निर्णय खरा होतो तो विदेश व्यापार महासंचालनालयाची अधिसूचना निघाली की. तिला क्रमांक असतो, तारीख असते, ती दोन-तीन पानांची असते आणि त्यांच्या संकेतस्थळावर त्याच दिवशी दिसते. मंत्र्यांनी सांगितलं, समितीने ठरवलं, सूत्रांकडून कळलं, हे सगळं त्याच्या आधीचं.

घोषणा आणि अंमल यांत अंतर असतं, हे सोलापूरच्या दोन्ही धंद्यांनी अनुभवलंय. कापडावरचा जीएसटी ५ वरून १२ टक्के करण्याची अधिसूचना नोव्हेंबर २०२१मध्ये निघाली होती, १ जानेवारी २०२२पासून लागू. अधिसूचना निघालेली, तरी ३१ डिसेंबरला जीएसटी परिषदेने ती वाढ पुढे ढकलली. देशभरच्या कापडवाल्यांच्या संघटनांनी आणि काही राज्यांनी लेखी हरकती घेतल्या होत्या, म्हणून ते घडलं. टॉवेल-चादरीवाल्यांनी हे लक्षात ठेवावं. विडीचं उलट. ३ सप्टेंबर २०२५च्या बैठकीनंतर 'विडीवरचा कर २८चा १८, २२ तारखेपासून' असे मेसेज आले. दर बरोबर होता, तारीख चुकीची. २२ सप्टेंबरचा बदल बाकीच्या वस्तूंना होता. पान मसाला, गुटखा, सिगारेट, जर्दा यांच्याबरोबर विडीही त्या तारखेतून वगळली होती, आणि ते त्याच पत्रकात लिहिलेलं होतं. विडी वळणाऱ्या बाईला त्या मेसेजने आशा लावली, आणि कारखानदाराने कर कमी होऊनही मजुरी वाढवली नाही म्हणून तिचा राग भलत्याच ठिकाणी गेला.

अर्थसंकल्पाच्या दिवशी तर घाई विचारू नका. १ फेब्रुवारी २०२५ला 'बारा लाखांपर्यंत कर नाही' हे ऐकलं, आणि तासाभरात दुसरा फोटो आला: चार ते आठ लाख ५ टक्के, आठ ते बारा लाख १० टक्के. खाली मजकूर, बघा फसवलं. दोन्ही खरं होतं. नव्या पद्धतीत आधी टप्प्यांप्रमाणे कर निघतो. पहिले चार लाख मोकळे, पुढच्या चारांवर २०,०००, त्यापुढच्या चारांवर ४०,०००, एकूण ६०,०००. मग त्या वेळच्या कायद्यातल्या कलम ८७अ खाली तेवढीच ६०,०००ची सूट मिळते, कर शून्य. नोकरदाराला वर ७५,०००ची प्रमाणित वजावट, म्हणून त्याच्यासाठी आकडा १२ लाख ७५ हजार.

मग तिसरा मेसेज आला की बारा लाखांवर एक रुपया गेला तरी साठ हजार भरा. हेही चूक. समजा करपात्र उत्पन्न १२ लाख १० हजार. टप्प्यांप्रमाणे कर येतो ६१,५००. पण बारा लाखांच्या वर तुम्ही कमावले दहाच हजार, म्हणून सीमांत सवलतीने कर दहा हजारांवरच थांबतो, वर ४ टक्के उपकर, एकूण १०,४००. ज्या गोष्टीवर खरंच ओरडायला हवं होतं ती मागेच राहिली: शेअर विकून झालेल्या नफ्यासारखं ज्याला वेगळा दर लागतो ते उत्पन्न या सवलतीत बसत नाही. तक्रार करायची तर तिथे करा.

महागाईवर दोनच वाक्यं. महागाईचा दर कमी झाला म्हणजे भाव कमी झाले नाहीत: शंभराची डाळ १२० झाली तर दर २० टक्के, १२०ची १२६ झाली तर दर ५ टक्के, पण दुकानात तुम्ही १२६च देता. 'दर उतरला तरी खिसा रिकामाच' हे म्हणणं बरोबर आहे, 'आकडा खोटा आहे' हे म्हणणं त्यातून निघत नाही.

व्याजाचं मात्र नीट बघा, कारण तिथे तुमचे स्वतःचे पैसे अडकलेत. २०२५च्या पहिल्या सहामाहीत रिझर्व्ह बँकेने रेपो दर, म्हणजे ती बँकांना ज्या दराने कर्ज देते तो, फेब्रुवारी, एप्रिल आणि जून अशा तीन वेळा मिळून ६.५०वरून ५.५०वर आणला. प्रत्येक वेळी खाली प्रतिक्रिया एकच: आमचा हप्ता कुठे उतरला? पंचवीस लाखांचं, वीस वर्षांचं कर्ज ९ टक्क्यांवरून साडेआठवर आलं तर हप्ता सुमारे २२,४९३चा २१,६९६ होतो, महिन्याला आठशेच्या आसपास फरक. तो दिसत नसेल तर कर्जाचा करार काढा. १ ऑक्टोबर २०१९नंतर घेतलेलं बँकेचं बदलत्या व्याजाचं गृहकर्ज रेपोसारख्या बाहेरच्या दराशी जोडलेलं असतं आणि तीन महिन्यांत एकदा तरी बदलावं लागतं. त्याआधीचं असेल तर जुन्या पद्धतीत अडकलेलं असू शकतं, ते बदलून मागता येतं. हप्ता तोच ठेवून मुदत कमी केलेली असते, हेही पुष्कळदा होतं. ते खातेउताऱ्यात दिसतं, आणि मुदतीऐवजी हप्ता कमी करा असं तुम्ही मागू शकता. बँकेला लेखी विचारा. गव्हर्नरांच्या फोटोखाली लिहून तो बदलणार नाही.

आपल्या शहरात एक अडचण जास्तीची आहे. इथे एकच बातमी मराठी, तेलुगू, कन्नड, उर्दूत फिरते आणि भाषा बदलताना शब्द निसटतो. १९ मे २०२३ला दोन हजारांची नोट 'चलनातून मागे' घेतली. ती कायदेशीर चलन राहिली होती, एका वेळी वीस हजारांपर्यंत बदलून मिळत होती, मुदत आधी ३० सप्टेंबर, मग ७ ऑक्टोबर. आपल्याकडे पोचेपर्यंत तिचं 'नोट बंद' झालं, आणि 'बंद' म्हटलं की २०१६ डोळ्यांपुढे येतं.

अफवेचं टोक कुठे जातं ते आपल्या जिल्ह्याला कुणी शिकवायला नको. १ जुलै २०१८ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणारे समजून जमावाने पाच भिक्षेकऱ्यांना ठार मारलं. त्यातले बहुतेक आपल्या मंगळवेढा तालुक्यातले होते. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एका वेळी पाचच ठिकाणी मेसेज पुढे पाठवता येईल अशी मर्यादा आणली. २०२०पासून मेसेजवर दोन बाण दिसले की तो एका वेळी एकाच ठिकाणी जातो. ते दोन बाण म्हणजे मजकूर पाच किंवा जास्त हातांतून आलाय, लिहिणारा तुम्हाला पाठवणाऱ्याच्या ओळखीचाही नसेल. बाण दिसले की एक ओळ उचला आणि शोधून बघा. तेच वाक्य, त्याच शुद्धलेखनाच्या चुकीसकट, वेगवेगळ्या नावांनी सापडलं तर ती लोकांची प्रतिक्रिया नव्हे, कुणीतरी वाटलेला मजकूर आहे. कोणत्याही पक्षाचा असो.

आणि बातमीच्या मागोमाग चोर येतो. करसवलतीचा परतावा, अनुदानाची यादी अशा नावाने लिंक किंवा एपीके (फोनमध्ये ॲप बसवणारी) फाईल येते. ती उघडायची नाही. पैसे गेलेच तर लगेच १९३० ला फोन करा. आकडा सोलापूरकराने विसरू नये, इंग्रजांनी सोलापुरात लावलेल्या मार्शल लॉचं साल आहे. कर कमी होऊनही दुकानदार जुनाच भाव लावत असेल तर ग्राहक हेल्पलाइन १९१५. तिथे बिल मागतात.

कायद्याची भीती बऱ्याच जणांना वाटते. सरकारी निर्णयावर टीका हा गुन्हा नाही. ऑनलाइन आक्षेपार्ह मजकुराला शिक्षा देणारं माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६अ सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ला रद्द केलं. पण खोटी माहिती लोकांत भीती किंवा तेढ पसरवण्यासाठी पसरवली तर भारतीय न्याय संहितेचं कलम ३५३ लागू शकतं. सद्भावनेने, खरं मानायला रास्त कारण असताना लिहिलेल्याला त्याच कलमात अपवाद आहे, आणि ते कारण दाखवायला पुन्हा कागदच लागतो. सदस्याने टाकलेल्या मजकुरासाठी ॲडमिन आपोआप जबाबदार नाही, त्याचा आणि सदस्याचा उद्देश एकच असल्याचं दिसावं लागतं, असं मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१मध्ये म्हटलंय.

चूक झालीच तर नुसतं डिलीट करून भागत नाही. तुमच्या ग्रुपातून मेसेज पुसला जाईल, पण तिथून जो अक्कलकोटला, पंढरपूरला, विजापूरच्या पाहुण्यांकडे गेला तो तसाच राहील. म्हणून डिलीट करायच्या आधी त्याच मेसेजला उत्तर म्हणून लिहा: वरचं चुकीचं आहे, विडीला ही तारीख लागू नाही, हे मूळ पत्रक. पत्रकाचं पान जोडा, ओळीखाली रेघ मारा. आणि ज्या ज्या ग्रुपात पहिला मेसेज टाकला होता, त्या प्रत्येक ग्रुपात हा दुसराही टाका.