पुल अप! पण डोंगर आहे कुठे?

नमस्कार. विमान ३५ हजार फुटांवर आहे. एव्हरेस्टचं टोकसुद्धा इथून जवळपास सहा हजार फूट खाली. आणि अचानक कॉकपिटमध्ये आवाज घुमतो : 'टेरेन! टेरेन! पुल अप!' समोर जमीन आहे, आत्ताच्या आत्ता विमान वर खेचा.

२०२३च्या शेवटापासून पश्चिम आशियावरून, काळ्या समुद्राजवळून जाणाऱ्या वैमानिकांनी असे खोटे इशारे ऐकलेत. विमान ठणठणीत असतं. बिघडवलेला असतो जीपीएसचा सिग्नल, आणि तो बिघडवलेला असतो कुठल्यातरी सैन्याने. त्या सैन्याचं या प्रवाशांशी काही वैर नाही. त्याला शत्रूचे ड्रोन आणि क्षेपणास्त्रं चुकवायची आहेत. पण ड्रोन जो सिग्नल ऐकतो, तोच प्रवासी विमानही ऐकतं.

[स्क्रीनवर : पृथ्वी आणि उपग्रहांच्या कक्षा]

जीपीएसचे उपग्रह साधारण २०,२०० किलोमीटर उंचीवर फिरतात. तिथून निघालेला सिग्नल विमानाच्या अँटेनापर्यंत पोचेतो इतका क्षीण होतो, की रिसीव्हरच्या स्वतःच्या गोंगाटाखाली तो दबलेला असतो. गणित करून त्याला बाहेर काढावं लागतं. त्याच १५७५.४२ मेगाहर्ट्झवर कुणी जमिनीवरून जोरात गोंगाट केला, की हे गणित कोलमडतं. हे झालं जॅमिंग.

मग खाली लोकांचे मोबाईल अनेकदा नीट चालतात आणि वर विमानालाच त्रास का होतो? कारण या लहरी सरळ रेषेत जातात. जमिनीवर डोंगर, इमारती आणि पृथ्वीचा बाक आडवा येतो. ३५ हजार फुटांवर आडवं काहीच नाही. तिथून जमिनीवरचा ट्रान्समीटर चारशे किलोमीटरवरूनही थेट 'दिसतो'. म्हणून युद्ध एका देशात आणि विमानं भरकटतात शेजारच्या देशात.

जॅमिंगमध्ये निदान रिसीव्हर कबूल करतो की मला काही ऐकू येत नाही. स्पूफिंगमध्ये, म्हणजे कुणी जीपीएससारखाच बनावट सिग्नल सोडला की, तो खोटं ऐकतो आणि त्यावर विश्वास ठेवतो. नागरी जीपीएस सिग्नलची रचना सगळ्यांना उपलब्ध आहे आणि तो खरा आहे हे तपासायची सोय त्यात नाही. युरोपच्या गॅलिलिओने अशी सोय २०२५मध्ये सुरू केली, पण आज उडणाऱ्या प्रवासी विमानांची उपकरणं ती वापरत नाहीत.

सप्टेंबर २०२३मध्ये इराक-इराण सीमेजवळ काय झालं पाहा. विमानात जायरोस्कोपवर चालणारी स्वतंत्र दिशादर्शक यंत्रणा असते. ती बाहेरच्या सिग्नलवर अवलंबून नसते, म्हणून तिचा भरवसा. पण बऱ्याच विमानांत तिची बारीक चूक जीपीएस सतत दुरुस्त करत असतं. जीपीएस खोटं, म्हणून दुरुस्ती खोटी, म्हणून राखीव यंत्रणाही बिघडली. वैमानिकांना रेडिओवर विचारावं लागलं, आम्ही कुठे आहोत? एक बिझनेस जेट तर परवानगीविना इराणच्या हद्दीत शिरता शिरता वाचलं.

याचा अर्थ कळण्यासाठी १९८३ आठवायला हवं. १ सप्टेंबरला कोरियन एअर लाइन्सचं ००७ हे विमान मार्ग चुकून सोव्हिएत हद्दीत शिरलं आणि लढाऊ विमानाने ते पाडलं. २६९ माणसं गेली. त्यानंतर दोनच आठवड्यांनी अमेरिकेने जाहीर केलं की लष्करासाठी बनत असलेलं जीपीएस नागरी विमानांनाही देऊ. पुन्हा कुणी असं भरकटू नये म्हणून.

पण मला सगळ्यात जास्त भीती भरकटण्याची वाटत नाही. रडार आहे, नियंत्रक आहे, रेडिओ आहे. मला भीती वाटते त्या 'पुल अप'ची.

१९९५ साली कोलंबियात कालीजवळ एक सुस्थितीतलं बोइंग ७५७ डोंगरावर आदळलं. १५९ मृत्यू. तेव्हाची इशारा देणारी यंत्रणा फक्त खालची जमीन मोजायची, त्यामुळे इशारा आला तेव्हा जेमतेम काही सेकंद उरले होते. मग डॉन बेटमन या अभियंत्याच्या गटाने घडवलेली नवी यंत्रणा विमानांत बसू लागली. तिच्या पोटात जगभरच्या डोंगरदऱ्यांचा नकाशा असतो. विमान कुठे आहे हे ती प्रामुख्याने जीपीएसकडून घेते आणि पुढचा डोंगर आधीच ओळखते. तिने किती जीव वाचवले असतील, मोजता येणार नाहीत. आणि वैमानिकाला शिकवण एकच : हा आवाज आला की विचार करू नका, वर खेचा.

आता स्पूफिंगच्या पट्ट्यात तोच आवाज खोटा येतो. वारंवार येतो. तेव्हा काही ठिकाणी ही सोय तात्पुरती बंद करावी लागते. पट्टा ओलांडला तरी विमान कुठे आहे याचा यंत्रणेचा चुकलेला अंदाज कधीकधी उतरेपर्यंत दुरुस्त होत नाही. म्हणजे उतरताना, खरे डोंगर जवळ असताना, यंत्रणा चुकीचं ओरडेल किंवा गप्प राहील. आणि खरोखर ओरडली, तर वैमानिक क्षणभर थांबेल. तो क्षणच परवडत नाही.

[स्क्रीनवर : जगाचा नकाशा]

हे एका कोपऱ्यातलं नाही. २०१२मध्ये उत्तर कोरियाच्या जॅमिंगने हजाराहून अधिक विमानांना त्रास दिला. भारत सरकारने संसदेत सांगितलं की नोव्हेंबर २०२३ ते फेब्रुवारी २०२५ या काळात सीमाभागात, मुख्यतः अमृतसर आणि जम्मू परिसरात, ४६५ घटना नोंदल्या गेल्या. २५ डिसेंबर २०२४ला अझरबैजान एअरलाइन्सचं विमान रशियातल्या ग्रोझ्नीजवळ पोचलं तेव्हा जीपीएस गेलं, उतरण्याचे प्रयत्न फसले. ते कोसळलं जीपीएसमुळे नाही, बाहेरून झालेल्या माऱ्यामुळे. ३८ जण गेले. पण जिथे जॅमिंग चालू आहे, तिथे बहुतेकदा हवाई संरक्षणही बोट चापावर ठेवून बसलेलं असतं.

एप्रिल २०२४मध्ये फिनएअरची दोन विमानं एस्टोनियातल्या तार्तूला उतरू न शकल्याने हेलसिंकीला परतली. तिथे उतरण्याची पद्धतच जीपीएसवर होती. कंपनीने महिनाभर सेवा थांबवली आणि डीएमई या जमिनीवरच्या जुन्या यंत्रणेवर आधारित पद्धत तयार झाल्यावर पुन्हा सुरू केली. म्हणून 'आता जीपीएस आहे, जुनी केंद्रं कशाला' असं म्हणत ती मोडीत काढणं मला धोकादायक वाटतं. डीएमई, व्हीओआर, आयएलएस या जमिनीवरून विमानाला अंतर, दिशा आणि उतरण्याची वाट दाखवणाऱ्या रेडिओ यंत्रणांचा खर्च चालू ठेवायलाच हवा.

कायद्याचं काय? आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेच्या घटनेतलं कलम ४८ देशांना लष्करी रेडिओ केंद्रांबाबत पूर्ण स्वातंत्र्य देतं. त्याच कलमात, शक्य तितकं, इतरांना घातक व्यत्यय टाळा असंही आहे. त्या 'शक्य तितकं'मध्ये निदान एवढं बसतं : जॅमर चालू करण्याआधी हवाई नियंत्रणाला फोन करणं, भाग आणि वेळ सांगणं, जेणेकरून वैमानिकाला निघण्याआधी कळेल की कुठे जीपीएसचा दुवा तोडायचा आणि कुठल्या आवाजावर विश्वास ठेवायचा.