तापाच्या स्लाइडवर वळवळणारा पाहुणा

नमस्कार श्रोतेहो. स्लीपिंग सिकनेस, म्हणजे झोपेचा आजार, हा आफ्रिकेतला. त्सेत्से माशी चावते, ट्रिपॅनोसोमा हा जंतू रक्तात शिरतो आणि मेंदूपर्यंत पोचला की माणूस दिवसा पेंगतो, रात्री टक्क जागा राहतो. ही माशी आपल्याकडे नाही. मग नागपूर केंद्रावर हा विषय कशाला?

कारण 2004 साली चंद्रपूर जिल्ह्यातला एक शेतकरी नागपुरात उपचाराला आला होता. ताप चढे, उतरे, पुन्हा चढे. त्याच्या रक्तात ट्रिपॅनोसोमा निघाला! आफ्रिकेतला नव्हे, तर गुराघोड्यांना ‘सर्रा’ हा रोग लावणारा, इव्हान्सी जातीचा. माणसाच्या रक्तातलं एक प्रथिन त्याला एरवी मारून टाकतं. या शेतकऱ्यात नेमकं तेच नव्हतं. सुरामिन हे औषध दिलं आणि गडी बरा झाला.

हा जंतू ओळखायचा तर बोट टोचून घेतलेला रक्ताचा थेंब ताजा असतानाच, वर कव्हरस्लिप, म्हणजे पातळ काच, ठेवून, मायक्रोस्कोपखाली बघावा. जंतू दिसायच्या आधी तांबड्या पेशी हलताना दिसतात. गर्दीत कुणी कोपर मारत पुढे घुसावं तशा. मग तो दिसतो, पेशीच्या तिप्पट लांब, अंगाला झालरीसारखा पडदा. वाळवून गिम्सा नावाच्या रंगानं रंगवलेल्या स्लाइडवरही तो ओळखू येतो, पण ही धावपळ तिथे थांबलेली असते.

आफ्रिकेत ट्रिपॅनोसोमाच्या गॅम्बियन्स जातीचं दुखणं जास्त. त्यात रक्तात जंतू फार थोडे, म्हणून आधी चाचणीच्या कार्डावर रक्तातली अँटिबॉडी, म्हणजे जंतूविरुद्ध शरीरानं बनवलेलं प्रथिन, बघतात. पॉझिटिव्ह आलं की मानेमागच्या सुजलेल्या गाठीतलं पाणी सुईनं काढून तपासतात, नाहीतर रक्त सेंट्रीफ्यूजमध्ये फिरवून जंतू एका जागी गोळा करतात. आजार मेंदूपर्यंत गेला का, हे पाठीच्या कण्यातून काढलेल्या पाण्यावरून ठरतं. तिथे मात्र घाई हवी, कारण बाहेर काढलेल्या पाण्यात जंतू काही मिनिटांतच फुटायला लागतो. नमुना दुसऱ्या गावच्या लॅबला पाठवून भागत नाही.

नुसत्या कार्डावर निदान मात्र करू नये, असं माझं ठाम मत. त्या शेतकऱ्याच्या गावात 1806 जणांची अशीच चाचणी झाली. 410 जणांचं रक्त पॉझिटिव्ह आलं, त्यातल्या संशय पक्का वाटणाऱ्यांचं रक्त बारकाईनं तपासलं, तरी जंतू एकाच्याही रक्तात मिळाला नाही.

तेव्हा मंडळी, गोठ्यातलं जनावर तापानं खंगत असेल तर पशुवैद्यकांना रक्त तपासायला सांगा. आणि तुम्हालाच ताप येत-जात असेल, मलेरियाची स्लाइड निगेटिव्ह असेल, तर गुरांमध्ये वावर आहे हे डॉक्टरांना आपणहून सांगा. ते विचारतीलच असं नाही. नमस्कार.