खासदारांनी नेमकं विचारलं काय?

(सांगलीत दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मित्रहो, २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली, तेव्हा गावभागातल्या माझ्या घरात पाणी शिरलं. पाणी ओसरल्यावर गाळ उपसताना सगळ्या गल्लीत एकच विषय होता. कुणी म्हणे खाली कर्नाटकातल्या अलमट्टी धरणानं पाणी तुंबवलं, कुणी म्हणे वरच्या कोयना धरणातून उशिरा आणि एकदम सोडलं. तेव्हा माझ्या मनात आलं, हे दिल्लीत कुणी विचारलंय का? आणि विचारलं असेल तर मंत्र्यांनी सांगितलं काय? त्या दिवसांपासून मी लोकसभेतली प्रश्नोत्तरं वाचायला लागलो. आजचं बोलणं त्या वाचनातूनच आलेलं आहे.

निवडणूक जवळ आली की पत्रकं येतात. संसदेत इतके प्रश्न विचारले, इतके टक्के हजेरी. हा आकडा मला पुरत नाही. का, ते सांगतो.

अधिवेशनात सकाळी अकरा ते बारा हा प्रश्नोत्तराचा तास. एका दिवसाच्या यादीत २० तारांकित आणि २३० अतारांकित प्रश्न असतात. तारांकित म्हणजे ज्याचं उत्तर मंत्र्यांनी उभं राहून द्यायचं. त्यावर उपप्रश्न विचारता येतात. अतारांकिताला फक्त लेखी उत्तर मिळतं. सदस्य एका दिवसासाठी प्रश्नांच्या पाच सूचना, म्हणजे नोटिसा, देऊ शकतो, पण कुणाचा प्रश्न यादीत वर लागणार हे सोडतीवर ठरतं. म्हणजे आकड्यात नशिबाचाही वाटा आला. शिवाय एकाच विषयावर अनेकांनी सूचना दिल्या तर त्या एकत्र करतात, आणि त्या एका प्रश्नाखाली सगळ्यांची नावं येतात. पत्रकात तो प्रत्येकाच्या खात्यावर जमा होतो.

उलट बाजूही बघा. यशवंतराव चव्हाण १९६७ पासून साताऱ्याचे खासदार होते. १९७७ पर्यंतचा बहुतेक काळ ते केंद्रात मंत्री होते; गृह, अर्थ, परराष्ट्र अशी खाती त्यांनी सांभाळली. मंत्री प्रश्न विचारत नाही, उत्तर देतो. आकड्यानंच मोजायचं ठरवलं तर यशवंतरावांच्या त्या वर्षांपुढे शून्य लिहावं लागेल!

म्हणून मी म्हणतो, प्रश्न वाचा. समजा, प्रश्न असा आहे : 'महाराष्ट्रातील पूरनियंत्रणासाठी सरकार कोणती पावलं उचलत आहे?' याला मंत्रालय दोन पानी उत्तर देईल. पूर हा मुळात राज्याचा विषय, केंद्र सल्ला आणि निधी देतं, या या योजना सुरू आहेत. वाचून हाती काही लागत नाही. आता दुसरा प्रश्न घ्या. अलमट्टीत सध्या ५१९.६० मीटरपर्यंत पाणी साठवतात. कृष्णा पाणी तंटा लवादानं २०१० च्या निवाड्यात ती पातळी ५२४.२५६ मीटरपर्यंत न्यायला परवानगी दिली. तर, ही वाढ झाल्यास सांगलीपर्यंतच्या फुगवट्याचा, म्हणजे धरणामुळे मागे तुंबणाऱ्या पाण्याचा, अभ्यास केंद्रीय जल आयोगानं केला आहे का? केला असल्यास कोणत्या वर्षी? तो अहवाल सभागृहाच्या पटलावर ठेवणार का, म्हणजे सभागृहात रीतसर सादर करणार का? इथं मंत्र्यांना हो किंवा नाही म्हणावंच लागतं. आंतरराज्य नदीचा विषय असल्यामुळे राज्याकडे बोट दाखवणंही अवघड जातं. दीडशे शब्दांत प्रश्न बसवायचा असा नियम आहे. दुसरा प्रश्न त्याच्या निम्म्यातही बसतो. फरक आहे तो अभ्यासाचा, आणि पुरात ज्यांची घरं गेली त्यांच्याशी बोलण्याचा.

उत्तरातलं एक वाक्य मात्र तुम्ही शोधून काढा, कारण बहुतेकांचं तिकडे लक्ष जात नाही : 'माहिती गोळा केली जात असून ती सभागृहाच्या पटलावर ठेवण्यात येईल.' हे वाचून आपण म्हणतो, तोंडाला पानं पुसली. पण संसदेच्या भाषेत हे आश्वासन ठरतं. तीन महिन्यांत ते पुरं करणं अपेक्षित असतं, आणि त्यावर लक्ष ठेवायला लोकसभेची शासकीय आश्वासन समिती १९५३ पासून आहे. माझ्या लेखी चांगला खासदार तो, जो तीन महिन्यांनी फाइल काढून विचारतो, की त्या माहितीचं काय झालं? एका प्रश्नाचा असा पाठपुरावा शंभर नव्या प्रश्नांपेक्षा मोलाचा आहे.

आता मतदान. लोक मला विचारतात, आमच्या खासदारानं अमुक विधेयकावर मत कुणाला दिलं? बहुतेक वेळा याचं उत्तर कागदावर नसतंच. विधेयकं आवाजी मतदानानं मंजूर होतात. 'होय'वाल्यांचा आवाज मोठा, विधेयक मंजूर. कोण काय ओरडलं याची नोंद राहत नाही. एखाद्या सदस्यानं मतविभाजन मागितलं तरच घंटा वाजते, लॉबी रिकाम्या करतात, सदस्य बटण दाबतात आणि नावनिशी नोंद होते. घटनादुरुस्तीला ते लागतंच. सप्टेंबर २०२३ मध्ये महिला आरक्षणाचं विधेयक लोकसभेत ४५४ विरुद्ध २ असं मंजूर झालं. एप्रिल २०२५ मध्ये वक्फ विधेयकावर २८८ विरुद्ध २३२ मतं पडली.

त्या नोंदीतही पक्षाच्या सदस्याचं मत त्याचं एकट्याचं नसतं. १९८५ च्या पक्षांतरबंदी कायद्यानंतर व्हिप, म्हणजे मत कसं द्यायचं याचा पक्षाचा आदेश, मोडला तर खासदारकी जाऊ शकते. सांगलीनं २०२४ मध्ये अपक्ष निवडून दिला आहे. अपक्षाला व्हिप लागू नाही. त्यामुळे इथल्या मतदारांना मतविभाजनाच्या याद्या वाचायचं कारण इतरांहून जास्त आहे.

इस्लामपूर आणि शिराळ्याहून आलेल्या मंडळींनी हातकणंगल्याच्या खासदारांचे प्रश्न काढायचे आहेत, सांगलीच्या नव्हे. फलटण-माणच्या पाहुण्यांनी माढ्याचे. जिल्हा एक आणि मतदारसंघ दुसरा, यात अनेकांची गल्लत होते.

संसदेच्या संकेतस्थळावर सदस्याचं नाव आणि मंत्रालय टाकलं की प्रश्न आणि उत्तर दोन्ही मिळतात. उत्तरं हिंदीत किंवा इंग्रजीत असतात. कृष्णेच्या पुरावरची काही उत्तरं छापून मी दाराजवळच्या टेबलावर ठेवली आहेत. जाताना एकेक घ्या. 'माहिती गोळा केली जात आहे' असं जिथं जिथं आलंय, तिथं मी लाल शाईनं रेघ मारली आहे आणि बाजूला उत्तराची तारीख लिहिली आहे.