थांबे, फाटे आणि वाईट जागा

(साताऱ्यातल्या एका वाचनालयाच्या व्याख्यानमालेत झालेल्या भाषणाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, नमस्कार. आयोजकांनी मला विषय दिला होता तो ‘साताऱ्याच्या सिटी बसच्या आठवणी’ एवढाच. त्यात ‘आणि अपघात’ मी घातलं. तेव्हा एकजण हळूच म्हणाले, “सर, संध्याकाळचं व्याख्यान आहे, लोकांना घरी जाऊन जेवायचंय.” त्यांचं खोटं नाही. पण कुठल्याही जुन्या सातारकराला बसच्या आठवणी विचारून बघा. पहिल्यांदा तो तिकिटाचे दर सांगेल, मग कॉलेजातल्या दिवसांवर येईल, आणि चहा संपायच्या आत ‘त्या वळणावर काय झालं होतं माहितीये का’ सुरू होईल. हे असं का होतं, याच्यावर मला आज बोलायचं आहे. मी आयुष्यभर भूगोल शिकवला, त्यामुळे माझं लक्ष माणसांपेक्षा जागांकडे जास्त जातं. ते सांभाळून घ्या.

आपली सिटी बस ही एसटीचीच. पुण्यामुंबईला शहराच्या बसचा कारभार वेगळा, एसटीचा वेगळा. १ जून १९४८ ला पुणे-नगर रस्त्यावर पहिली एसटी धावली, आणि पुढे साताऱ्यासारख्या गावांत शहरातली फेरीसुद्धा एसटीच मारायला लागली. याचा परिणाम असा की, आगार एकच. आज राजवाडा ते रेल्वे स्टेशन करणारा ड्रायव्हर पुढच्या आठवड्यात मुंबईच्या गाडीवर किंवा फलटणच्या मुक्कामी गाडीवर असायचा. खंबाटकीच्या घाटात काल रात्री काय झालं, पसरणीच्या घाटात दरड कुठे आली, हे दुसऱ्या दिवशी सकाळी राजवाड्याच्या स्टँडवर कळायचं. वर्तमानपत्र नंतर यायचं.

आणि ते सांगितलं कसं जायचं? बॉनेटशेजारच्या सीटवर एखादे पेन्शनर बसलेले असायचे, त्यांना ड्रायव्हर सांगायचा. मागून कंडक्टर दुरुस्ती करायचा. त्याच्या हातात तिकिटांचा तो पत्र्याचा ट्रे, रंगीबेरंगी तिकिटांच्या गड्ड्या, आणि कानाशी टिकटिक करणारा पंच. सुट्टे नसले की तिकिटाच्या पाठीवर बाकी लिहून द्यायचा, आणि उतरताना ती मागायचं आपण विसरायचो. तर त्याच ट्रेवरून मान वर न करता तो म्हणायचा, “अहो, वेळ्याच्या अलीकडं नाही, पलीकडं.” मग दोन मिनिटं सबंध गाडीत अलीकडं की पलीकडं यावर वाद. भाजीच्या पाट्या घेऊन बसलेल्या बायकासुद्धा त्यात असायच्या, कारण त्यातली एखादी त्या वेळे गावचीच असायची.

या वादाला मी फार महत्त्व देतो. माणूस कोण होता, चूक कुणाची, कितीजण गेले, यात लोकांच्या आठवणी हमखास घसरतात. एकाच अपघाताचं साल तीन माणसं तीन सांगतात. मेलेल्यांचा आकडा दर दिवाळीला वाढतो. पण जागा? जागेबद्दल सामान्य माणसाची आठवण फार पक्की असते. कारण तो रोज तिथून जातो, आणि रोज खिडकीतून बघतो.

शिरवळपासून खाली येताना नावं आठवून बघा. खंडाळा, मग घाट, मग वेळे, सुरूर, जोशी विहीर, भुईंज, पाचवड, उडतारे, आनेवाडी, लिंबखिंड, वाढे फाटा. माझ्या पिढीतल्या कुणालाही झोपेतून उठवलं तरी ही माळ म्हणून दाखवेल. आम्ही पाठ केली नव्हती. कंडक्टर ओरडायचा, लोक उतरायचे, आणि ती डोक्यात बसायची. साध्या गाडीनं हे काम फुकटात केलं. (अधूनमधून पाहुण्यांचा घोळ व्हायचा तो वेगळा. सातारा रोड स्टेशनवर उतरून ‘आलो साताऱ्यात’ म्हणणारे महाभाग ज्यांच्या घरी आले नाहीत, त्यांनी हात वर करावा. ते स्टेशन पाडळीला आहे, कोरेगाव तालुक्यात.)

आता शहरातल्या अपघातांचं थोडक्यात सांगतो, कारण ते बहुतेक एकाच साच्याचे. पोवई नाका घ्या. आठ रस्ते तिथे येऊन मिळतात. २०२१ मध्ये ग्रेड सेपरेटर सुरू झाला आणि बरीचशी वाहनं जमिनीखालून जायला लागली. पण त्याच्या आधी तिथे बसमधून उतरणं ही एक कलाच होती. उतरलेला माणूस काय करतो? उभ्या बसच्या पुढून रस्ता ओलांडतो. त्याला मागून येणारी गाडी दिसत नाही, आणि बसला ओव्हरटेक करणाऱ्याला तो दिसत नाही. बस मधे आडवी, भिंतीसारखी. दोघंही आपापल्या जागी बरोबर, आणि दोघंही आंधळे. ‘गाडी जाऊ दे, मग जा’ असं आमच्या आया शंभरदा सांगायच्या, त्याचं कारण हे. दुसरा प्रकार वळणावरचा. बस डावीकडे वळायला लागली की मागचं चाक पुढच्या चाकाच्या रेषेतून जात नाही, आत कापतं. बस आणि कट्टा यांच्या फटीत सायकल नाहीतर लुना घातलेला पोरगा त्या आत येणाऱ्या चाकाला सापडतो. ड्रायव्हरला त्याचा पत्ताही नसतो. हे दोन्ही प्रकार आजही तसेच घडतात. फक्त सायकलच्या जागी स्कूटर आली.

घाटाचं मात्र सविस्तर सांगायला हवं.

खंबाटकी आपण सगळे ओळखतो. पुण्याहून येताना आपण घाट चढतो, आणि पुण्याला जाताना बोगद्यातून निघतो. बोगदा झाला तेव्हा सगळ्यांनाच हायसं वाटलं, मलाही वाटलं. पण बोगद्याच्या पलीकडे, खंडाळ्याच्या बाजूला, उतार आहे, आणि त्या उतारावर ते एस वळण. रस्ता सरळ, गुळगुळीत, गाडी आपोआप पळते, आणि अचानक आधी एकीकडे आणि लगेच दुसरीकडे वळायचं. ट्रक उतारावरून येताना डिझेल वाचवायला न्यूट्रल करून सोडलेला असला की सगळा भार ब्रेकवर. वेग दुप्पट झाला की थांबवायला लागणारी ऊर्जा चौपट होते. ती सगळी ब्रेकमध्ये उष्णता होऊन उतरते, आणि तापलेला ब्रेक धरत नाही. तशात पहिल्या वळणाला माल एका बाजूला झुकतो, तो सावरायच्या आत दुसरं वळण त्याला उलट्या बाजूला फेकतं. साधं एक वळण असतं तर कदाचित निभावलं असतं. एप्रिल २०१८ मध्ये पहाटे कर्नाटकातल्या मजुरांचा टेम्पो इथेच उलटला. बायका, पोरं, संसाराचं सामान, सगळं एका हौद्यात. माणसं मालासारखी भरली की मालासारखीच झुकतात, त्यांना धरायला काही नसतं.

घाटात खामजाईचं देऊळ आहे. ट्रकवाले थांबतात, नारळ ठेवतात. बसमधल्या बायका खिडकीतूनच हात जोडायच्या, आणि कुणी कुणी नाणं भिरकवायचं. माझे काही शिक्षक मित्र याला हसायचे. मी नाही हसत. चढाची गाडी देवळापाशी थांबली, इंजिन जरा निवलं, ड्रायव्हरनं तोंडावर पाणी मारलं, हे नुकसानीचं नाही. तसंच त्या पांढऱ्या साडीतल्या बाईचं. प्रत्येक घाटात एक असते, अमावास्येला हात करते, गाडी थांबवली तर संपलं. माझं म्हणणं एवढंच, त्या बाईच्या भीतीनं कुणी वळणावर पाय ॲक्सिलरेटरवरून काढला असेल, तर तिनं बांधकाम खात्याच्या पाटीपेक्षा जास्त काम केलं!

पण इथेच आमची आठवण अर्ध्यावर थांबते. “ती जागाच वाईट आहे” म्हटलं की पुढे काही विचारायचं उरत नाही. “काळ आला होता पण वेळ आली नव्हती” म्हटलं की वाचलेला माणूस घरी जातो. वाईट म्हणजे काय? उतार किती? वळणाची बाहेरची कड उचललेली आहे का? रात्री कठडा दिसतो का? हे कुणी विचारत नाही. दैवाच्या खात्यावर टाकलं की रस्त्याचं खातं कोरं राहतं.

सरकारी व्याख्या बघा. जिला ब्लॅक स्पॉट म्हणतात, ती जागा म्हणजे रस्त्याचा सुमारे ५०० मीटरचा तुकडा. मागच्या तीन वर्षांत तिथे मृत्यू किंवा गंभीर दुखापतीचे ५ अपघात झालेले हवेत, किंवा एकूण १० मृत्यू. व्याख्या चुकीची नाही, कुठेतरी रेघ ओढावीच लागते. पण यात फक्त सांडलेलं रक्त मोजलं जातं. “थोडक्यात वाचलो” हे कुठल्याही पंचनाम्यात येत नाही. एसटीच्या ड्रायव्हरकडे मात्र ते भरपूर असतं. कुठल्या फाट्यावर दुचाक्या न बघता आत शिरतात, कुठल्या पुलाच्या तोंडाशी पहिल्या पावसात गाडी सरकते, कुठे समोरच्याचे दिवे नेमके डोळ्यांत येतात. माणूस दगावायच्या आधीची माहिती ती हीच. रोज त्याच रस्त्यानं जाणाऱ्या माणसाकडेच ती असते, आणि तो निवृत्त झाला की त्याच्याबरोबर जाते.

उसाचा हंगाम घ्या ना. आपल्याकडे दिवाळीनंतर रात्रीचा रस्ता बदलतो. एका ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या, ट्रॅक्टरवर गाणी इतक्या मोठ्यानं की मागचा हॉर्न ऐकू येत नाही, आणि मागे धड लाल दिवा नाही, की रिफ्लेक्टर नाही. टायर फुटला की ट्रॉली जागेवरच उभी. मग ड्रायव्हर काय करतो? रस्त्याकडेचे चांगले डोक्याएवढे दगड आणून ट्रॉलीभोवती मांडतो, त्यात झाडाची फांदी खोचतो. ती त्याची धोक्याची खूण. इथपर्यंत ठीक. टायर बदलून होतो, तो ट्रॅक्टर चालू करतो आणि जातो. दगड तिथेच. फांदी वाऱ्यानं उडून जाते. पहाटे कारखान्यावरून पाळी संपवून घरी निघालेला, डोळ्यांवर झोप असलेला कुणीतरी मोटरसायकलवरून येतो, आणि त्याच्या वाटेत ते दगड. हा अपघात कागदावर ‘स्वतःच्या चुकीने घसरून’ असा जातो. ट्रॉली तोवर कारखान्याच्या गव्हाणीवर, म्हणजे ऊस टाकायच्या जागी, रिकामी झालेली असते. दगड उचलायला दोन मिनिटं लागतात. मला या गोष्टीचा जितका राग येतो, तितका घाटाचा येत नाही.

आता रस्ते रुंद झाले. पूर्वी जागा सांगायच्या त्या झाडांवरून. गेरू-चुन्याचे पट्टे मारलेली वडाची झाडं दोन्ही बाजूंना. ‘दोन वडांचं वळण’ म्हटलं की पुरे. सहापदरीत ती गेली. जुन्या वळणांपैकी काही सरळ झाली, त्यामुळे आमच्या बऱ्याच आठवणी आज निरुपयोगी आहेत, हेही खरं आहे. नवी वाईट जागा बहुतेक वेळा सर्व्हिस रोड जिथे हायवेला येऊन मिळतो तिथे असते, आणि तिथे देऊळ नाही, वड नाही, नावही नाही. दुसरं असं, लोक बसमधून उतरून स्वतःच्या गाडीत बसले. आत एसी, काचा वर, मोबाईलवरची बाई सांगेल तिकडे वळायचं. ती ‘आठशे मीटरवर डावीकडे’ म्हणते, आनेवाडी म्हणत नाही. साताऱ्याहून पुण्याला दर शनिवारी जाणारी माझी नातवंडं जोशी विहिरीवरून कितीतरी वेळा गेली असतील, त्यांना तो कुठला फाटा ते ठाऊक नाही.

यानं काय बिघडलं, असं कुणी विचारेल. अपघात झाल्यावर बिघडतं. २०१४ पासून आपल्याकडे १०८ ची रुग्णवाहिका आहे. फोन लावला की तो तुमच्या गावात वाजत नाही, पुण्याच्या केंद्रात वाजतो. तिथल्या माणसाचा पहिला प्रश्न, कुठे? आणि कित्येकदा उत्तर येतं, “हायवेला, साताऱ्याजवळ.” खंबाटकीपासून वाढे फाट्यापर्यंत सगळंच साताऱ्याजवळ! मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीनं अपघातानंतरच्या पहिल्या तासाला ‘गोल्डन अवर’ म्हणून जागा दिली. तो तास ‘कुठे’मध्येच खर्ची पडायला नको.

शेवटी एका ताईंची चिठ्ठी आली आहे, तिचं उत्तर देऊन थांबतो. त्या विचारतात, मदत करायला थांबलं तर पोलीस आपल्यालाच अडकवतील का, आणि फोनवर नेमकं सांगायचं काय. ताई, पहिल्याचं उत्तर, नाही. सर्वोच्च न्यायालयानं २०१६ मध्ये मदत करणाऱ्याला संरक्षण दिलं, आणि नंतर तेच कायद्याच्या कलम १३४-अ मध्ये आलं. नाव सांगायची सक्ती नाही, साक्षीदार व्हायची सक्ती नाही. दुसऱ्याचं उत्तर, आधी बाजू सांगा, पुण्याकडे जाणारी की कोल्हापूरकडे. मधे दुभाजक आहे, चुकीच्या बाजूला आलेल्या गाडीला पुढे जाऊन वळून यावं लागतं. मग शेवटचा ओलांडलेला फाटा आणि पुढचा फाटा. कडेच्या दगडावर किलोमीटरचा आकडा दिसत असेल तर तो. जखमी किती, कुणी गाडीत अडकलंय का. रस्ता अडला असेल तर महामार्गाच्या १०३३ लाही फोन करा. आणि फोन बंद करून खिशात टाकू नका, रुग्णवाहिका निघाली की तिचा ड्रायव्हर तुम्हालाच उलट फोन करतो.